खर्रा घोटणाऱ्याला कोणी उठवत नाही

माझ्या नोकरीचं नाव इंग्रजीत आहे आणि ते एका दमात म्हणता येत नाही. सोशल अँड बिहेविअर चेंज कम्युनिकेशन. सरळ सांगायचं तर लोकांच्या सवयी का पडतात आणि कशा बदलतात ते शोधायचं, आणि मग त्यांच्याशी काय बोलायचं, कोणी बोलायचं, ते ठरवायचं. रिसोडकडे, आमच्या केनवडच्या बाजारात, कोणी पोरीबद्दल विचारलं तर माय सांगते, वाशीमले ऑफिसात हाये. शेजारची काकू सांगते, पोस्टर लावते. बाबा काहीच सांगत नसत, पुढच्या दुकानाकडे वळत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीए झाले, मग वाशीमला खोली करून समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आणि हे मी मान वर करून सांगते, कारण ते सोपं नव्हतं. पण ज्या कामाला आपल्या बोलण्यात अजून धड नाव नाही ते घरी समजावणं त्याहून अवघड निघालं.

मी या कामाला लागले त्याच्या आदल्या भादव्यात बाबांना फवारणीतून विषबाधा झाली होती. तुरीवर पंप मारून घरी आले, डोळ्यापुढे अंधारी येते म्हणाले आणि ओट्यावरच बसले. मग उलट्या. बनियन पिळून काढावं इतका घाम. गावातल्या एका जीपमध्ये टाकून वाशीमला नेलं. वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, कारण घरात शिकलेली मी. या खेपेला निभावलं, म्हणाले, पुन्हा असंच झालं तर मला काही सांगता येणार नाही. मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते.

"मंग पंप कोन मारन?" ते म्हणाले. "तू?"

बाबा आमच्या शेतात फवारणी करतातच, शिवाय हंगामात दुसऱ्यांच्या शेतातही जातात. त्यांचा हात सारखा चालतो, ओळ सुटत नाही, म्हणून लोक आवर्जून बोलावतात. त्यात त्यांचा मान आहे. ते सोडणार नव्हते, आणि सोडा म्हणायला माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता. तेव्हा माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला की पुढच्या भादव्यात ते पंप पाठीला लावतील तेव्हा ते औषध त्यांच्या पोटात जाऊ नये.

नोकरी मिळाली ती नेमकी याच कामाची. एका संस्थेनं वाशीम जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांसाठी काम काढलं होतं आणि त्यांना इथली, इथलं बोलणारी मुलगी पाहिजे होती. मुलाखत घेणाऱ्या मॅडम नागपूरकडच्या, केस आखूड, आवाज हळू. त्यांनी विचारलं, लोक सांगितलेलं ऐकत नाहीत, मग तू काय करशील? मी म्हणाले, बाहेरचे सांगतात म्हणून ऐकत नाहीत, मी त्यांच्यातलीच आहे, माझं ऐकतील. मॅडम हसल्या. तेव्हा मला वाटलं उत्तर आवडलं. आता मीच मुलाखती घेते आणि असं उत्तर आलं की मलाही हसू येतं. तरी मी त्या पोरींना घेते, कारण हे म्हणायला जी धमक लागते ती पुढे कामी येते.

पहिलं काम म्हणून मी पोस्टर केलं. काळ्या रंगावर कवटी, खाली दोन हाडं, आणि मोठ्या अक्षरात 'विष आहे, जीव जाईल'. मास्क लावा, हातमोजे घाला, हात धुवा. ते छापायला मी वाशीमच्या ज्या फ्लेक्सवाल्याकडे गेले तो तिथल्याच एका जुन्या मुस्लिम घराण्यातला, बापाचं साइनबोर्ड रंगवायचं काम आता मशीनवर करणारा. त्यानं स्क्रीनवर कवटी मोठी केली, लहान केली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, ये खोपडी तो बिजली की डीपी पे भी रहती. उसके नीचे बैठ के लोगां पत्ते खेलते." मी म्हणाले, तुम्ही छापा. त्यानं छापलं, रंग मात्र चांगले उठवले.

आसेगावच्या बाजूच्या गावांमध्ये आम्ही ती पोस्टरं लावली. महिनाभरानं फिरायला गेले तर कवट्या भेटू लागल्या, फक्त जागा बदलून. एक बकरीच्या छपरावर, छापलेली बाजू खाली, म्हणजे बकरी रोज तिच्याकडे बघत झोपायची. एक गोवऱ्यांच्या ढिगावर, वर दगड ठेवून. एक मी घरी नेलं होतं, ते बाबांनी हातात घेऊन कडेला नखानं कुरतडून पाहिलं आणि म्हणाले, जाड हाये, चांगलं हाये. दुसऱ्या दिवशी ते पंपाच्या बॅटरीवर झाकलेलं होतं.

त्याआधी गावात कोणीतरी मास्क, चष्मे आणि हातमोजे वाटून गेलं होतं. बाबांचा संच पिशवीत तसाच होता. फक्त हातमोजे नव्हते. ते मायनं मिरच्यांसाठी घेतले होते. तिचं म्हणणं, हाताची आग होत नाही, फार कामाची चीज आहे. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मिरचीला हातमोजे घालणारी बाई आहे, मग औषधाला न घालणारा माणूस का आहे?

जागृती नाही, असं म्हणणार होते, पण तो शब्द तोंडातच राहिला, कारण जो माणूस स्वतः विषबाधेतून उठला त्याला अजून कसली जागृती करायची? आमच्या घरात त्या रात्रीच्या उलट्यांपेक्षा मोठं पोस्टर कोण छापणार होतं?

मॅडमनी मला सांगितलं, पुढचे काही दिवस तू काही लावायचं नाही, काही सांगायचं नाही. शेतात जा, बांधावर बस, बघ. बोललीस तर फक्त विचार. मला ते कमीपणाचं वाटलं. एवढं शिकून बांधावर बसायचं असेल तर ते आमच्या घरी फुकटात शिकवतात. पण खरं सांगते, लहानपणी मी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली असतील तर ती 'काहून' विचारण्यावरून. बैलाच्या शिंगाला रंग काहून, आजीनं जेवताना तोंड तिकडे काहून फिरवलं, काकूनं आपल्याकडचा चहा काहून नाही घेतला. माय म्हणायची, या पोट्टीचं तोंड शिवा. आणि इथं एक बाई मला पगार देऊन सांगत होती, जा, विचार.

आसेगावच्या शिवारात एका मोठ्या शेतावर फवारणीवाल्यांची टोळी होती. त्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणू लागले. त्यांनी मला पाहिल्या पाहिल्या दुपट्टा तोंडाला गुंडाळला आणि उभे राहिले. फोटोसाठी. मी फोटो काढत नाही म्हटल्यावर दुपट्टा खांद्यावर परत गेला.

"मंग कायले आली, मॅडम?"

"पाहाले आली."

"पिच्चर हाये काय?" एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले.

मला मॅडम म्हणू नका, मी रिसोडकडची आहे, असं सांगितलं तर मामा म्हणाले, रिसोडकडच्या मॅडम. ते नाव शेवटपर्यंत राहिलं. सुरुवातीला मी लिहून घेत होते, पण पेन निघालं की बोलणं थांबायचं, म्हणून ते पिशवीत टाकलं आणि बाभळीखाली बसून राहिले.

बघितलं तर पुष्कळ दिसलं. नोझल तुंबलं की ते तोंडाला लावून फुंकायचे, जशी आपण बासरी फुंकावी. वारा फिरला तरी ओळ फिरवायची नाही. आणि सगळ्यांच्या खिशात खर्रा. जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली गोष्ट. पानठेल्यावरून ती प्लास्टिकच्या पुडीत मिळते आणि खाण्याआधी ती पुडी तळहातात धरून पुन्हा घोटायची. चांगला वेळ घोटायची. मग उघडायची, आणि जितके जवळ असतील तितक्यांनी त्यात बोटं घालायची. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही. ज्या बोटांनी आत्ताच औषधाची बाटली ओतली तीच बोटं पुडीत, तिथून गालात. एकाच्या हाताला लागलेलं सगळ्यांच्या तोंडात. मास्क का नको याचंही उत्तर तिथंच होतं. गालात खर्रा असला की थुंकावं लागतं आणि बांधलेल्या तोंडानं थुंकता येत नाही.

मला वाटलं, सापडलं. व्यसन. ऑफिसात जाऊन सांगायचं, तंबाखू सोडवा, बाकीचं आपोआप होईल. बाबांची पुडी डोळ्यापुढे आली. लग्नाआधीपासूनची.

पण त्याच दिवशी एक गोष्ट झाली. टोळी बाभळीखाली आली होती. मामा आणि आणखी एक जण पुडी घोटत होते. तिसरा, निळ्या शर्टाचा, पंप उतरवून नुसता पाय पसरून बसला होता, डोळे मिटून. बांधावर मोटरसायकलचा आवाज आला. मालक. निळा शर्ट ताडकन उठला, पंप पाठीला लावला आणि ओळीत शिरलासुद्धा. मामा उठले नाहीत. दुसराही नाही. घोटत राहिले. मालक आले, उभे राहिले, अळी किती आहे ते बोलले, आणि मामांनी पुडी उघडल्यावर त्यांनीही दोन बोटं घातली. कोणी कोणाला काही म्हटलं नाही. निळा शर्ट तिकडे उन्हात.

मालक गेल्यावर मी विचारलं.

"मामा, तो काहून उठला?"

"कोन?"

"निळ्या शर्टाचा. मालक आले तसा उठला. तुमी नाई उठले."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही विचारायची गोष्ट आहे का. "माह्या हातात पुडी होती ना."

"मंग?"

"पुडी घोटून राह्यलेल्या मानसाले कोन उठवते व? रिकामा बसला त कामचोर. पुडी घोटून राह्यला त..." ते थांबले. त्यांनाही पुढचा शब्द सापडेना. "त पुडी घोटून राह्यला."

ओळीतून निळा शर्ट ओरडला की मॅडमले बी एक पुडी द्या, मंग तिचं ऑफिस बी तिले उठवनार नाई.

दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या शेतावरही, मी तेवढंच पाहिलं. तेच. पाठीवर भरलेला पंप घेऊन माणूस सकाळपासून चालतो, अधूनमधून खांदे सोडवावेसे वाटणारच. पण दुपारच्या भाकरीपर्यंत बसायला कारण लागतं, आणि सगळ्यांनी मान्य केलेलं कारण एकच होतं. मी निळ्या शर्टाला विचारलं, तू खर्रा खात नाहीस? म्हणाला, पहिले खात नव्हतो, आता लागलो, सारेच बसतात मग मीच उभा राहू का. आदल्या दिवशी मालक आले तेव्हा नेमकी त्याची पुडी संपली होती, एवढंच.

म्हणजे मी ज्याला व्यसन म्हणत होते त्यातला अर्धा तरी विसावा होता. मला त्या दिवशी एसटीत बसल्यावर हसू येत होतं आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा अडचण निघाली. एक सहकारी म्हणाला, मग सोपं आहे, पुडी उघडण्याआधी हात धुवा असं सांगू. मॅडम म्हणाल्या, म्हणजे संस्थेनं तंबाखू नीट कशी खायची ते शिकवायचं? ते शक्यच नव्हतं, आणि मलाही नको होतं. पण तंबाखू सोडा म्हणणंही खोटं होतं, कारण सोडली तर ते बसणार कधी? मॅडमनी मला विचारलं, हे लोक हात कधी धुतात? कधीच नाही असं मी म्हणणार होते, पण मी बघितलेलं होतं. भाकरीच्या वेळी धुतात. कोणी न सांगता, माती लावून, कोपरापर्यंत. भाकरीला औषधाचा वास लागला तर खाल्ली जात नाही. पुडीत तो वास कळत नाही, तंबाखूच तेवढी उग्र.

"मग भाकरीसारखं काय आहे," मॅडम म्हणाल्या, "जे मधे येऊ शकेल?"

"चहा," मी म्हणाले.

चहा आला की बसायचं, हे मजुराला मान्य, मालकाला मान्य. कपाला हात लावायचा तर धुवावा लागतो, आणि चहाच्या आधी गालातलं थुंकावं लागतं. आमच्या आजवरच्या कामात याहून साधी कल्पना निघाली नाही, आणि तिला लागली तेवढी खटपटही दुसऱ्या कशाला लागली नाही. चहा शेतात नेणार कोण? मालकांच्या घरच्या बायका. आसेगावात एका ओसरीवर त्यांना जमवलं तर त्यांच्यातली मोठी मालकीण म्हणाली, "आमी काय हाटेल टाकलं काय?" ती बरोबर होती. घरचं आवरून भर उन्हात किटली घेऊन जायचं, परत यायचं, भांडी घासायची. मी औषधाचे धोके सांगितले नाहीत. मी विचारलं, फवारणीवाले तुमच्याकडे वेळेवर येतात का? तिथं दुखरी जागा निघाली. भादव्यात सगळ्यांनाच टोळी एकाच वेळी पाहिजे असते आणि टोळी आपल्या मनानं शेत निवडते. ज्या शेतात चहा येतो तिथं ते आधी जातील का, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मालकिणीच्या शेतात किटली आली, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या शेतातही. आपल्या शेतात चहा जात नाही हे बोललं जाऊ लागलं म्हणून.

चहाच्या आधी टोळी आपणहून हात धुवू लागली. इतकं झाल्यावर मी एका रविवारी घरी गेले. भादवा सुरू झाला होता. बाबा आणि काकूचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, दोघं मिळून आमच्या तुरीवर पंप मारणार होते. आदल्या वर्षीच्या त्याच तुकड्यात. मी बाबांना काही बोलले नाही. मायला बोलले. सगळं समजावलं, चहाचं, पुडीचं, विसाव्याचं. माय म्हणाली, एवढंच ना, मी पाहतो.

माय किटली घेऊन बांधावर आली. मी मागे, हातात बादली, साबण. दोघं पंप उतरवून आले. बाबांनी कपाला हात पुढे केला आणि मायनं किटली मागे घेतली.

"पहिले हात धुवा," ती म्हणाली. "नाई त चहा नाई."

मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या शेतात निंदणाऱ्या बायांनी मान वर केली. काका हसले. त्यांनी हात धुतले, कप घेतला आणि बाबांना म्हणाले, "धुवून घे ना गा, मास्तरीन उभी हाये."

बाबांनी हात मागे घेतला. वळून बाभळीखाली गेले, खिशातून पुडी काढली आणि आमच्याकडे पाठ करून घोटायला बसले. चहा किटलीत निवला. मी तिथं बादली धरून उभी होते आणि त्यांच्या अंगठ्याची हालचाल मला पाठीमागूनसुद्धा दिसत होती. पुडी उघडली, बोटं गेली, हात तोंडाकडे गेला. मी आसेगावात ते कितीदा तरी पाहिलं होतं. इथं मात्र पाहवलं नाही.

संध्याकाळी माय चुलीपाशी चिडचिड करत होती, या माणसाला जिवाची पर्वा नाही म्हणून. मी बाहेर बाबांजवळ जाऊन बसले. समजवायला गेले नव्हते, मला खरंच कळलं नव्हतं. आसेगावात चाललेली गोष्ट इथं का अडली?

"बाबा, भाकरीच्या वेळी त तुमी धुता."

"हो."

"मंग चहाले काहून नाई?"

ते म्हणाले, "भाकरीच्या वेळी मले कोनी धू म्हनत नाई."

एवढंच. मी तिथं बसून ते उलटंपालटं करत राहिले. आसेगावात मालकीण मजुरांना काही म्हणत नव्हती. ती पाण्याचा गडवा, म्हणजे तांब्या, पुढे ठेवून बाजूला उभी राहायची. टोळीसमोर परक्या माणसाला हात धू म्हणणं तिला जमलंच नसतं. आमच्या मायला जमलं, कारण माणूस घरचा. आणि घरच्या बाईनं चार बायांसमोर हात धुवायला लावलेला माणूस, गेल्याच वर्षी वाचलेला, ज्याच्याकडे सगळे आधीच 'सांभाळून रे बापा' म्हणून बघतात. तो कशाला धुवेल?

मग मला आमच्या दारातली एक साधी गोष्ट आठवली. पाहुणा आला की जेवायला बसण्याआधी माय गडवा घेऊन उभी राहते आणि त्याच्या हातावर पाणी घालते. धुवा असं म्हणत नाही. धार पडते, माणूस आपोआप हात चोळतो. लग्नात व्याह्यांच्या हातावरही असंच पाणी पडतं आणि कोणाला वाटत नाही की आपल्याला घाणेरडं म्हटलं.

मी मायला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आता नवऱ्याले पाव्हना करू काय?" पण हसली. बऱ्याच वेळानं पुन्हा एकटीच हसली, तेव्हा मला कळलं की ती करणार.

सोमवारी मला कामावर जायचं होतं. मी सुट्टी टाकली. मॅडमना फोनवर कारण सांगितलं, बाबा चहा घेतात का ते बघायचं आहे. त्या एवढंच म्हणाल्या, मलाही सांग.

दोघं पंप उतरवून आले. माय किटली खाली ठेवून गडवा घेऊन उभी होती. आधी काकांकडे वळली, पाव्हण्याचा मान म्हणून. काकांनी हात पुढे केले, धार पडली. काका काहीतरी टोमणा मारणार होते, तोंड उघडलंही होतं, पण हातावर पाणी पडत असताना टोमणा मारणं जमत नाही असं दिसलं. मग माय बाबांकडे वळली. काही बोलली नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि गडवा वाकवला, इतका की अजून थोडा वाकला असता तर पाणी जमिनीवर पडलं असतं.

बाबांनी हात पुढे केले. साबण माझ्या हातात होता. तो मी दिला की त्यांनी घेतला ते मला आता आठवत नाही. त्यांनी चूळ भरली, चहा घेतला, काकांशी तुरीबद्दल बोलत बसले. माय रिकामा गडवा मांडीत घेऊन बांधावर बसली होती आणि दुसरीकडे बघत होती.

तो हंगाम निघून गेला. बाबा आजारी पडले नाहीत. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. चहाच्या आधी ते तोंडाला दुपट्टा बांधतात, चहानंतर पुडी तोंडात जाते आणि दुपट्टा खांद्यावर येतो. धुतलेल्या हातानं जाते, इतकंच. हातमोजे अजून मिरच्यांनाच आहेत. पण आसेगावच्या बाजूसाठी आम्ही नवीन पोस्टर छापलं नाही. ओसरीवर बायकांशी बोलताना मी आता फक्त गडवा कसा धरायचा ते विचारते, आणि त्या मला हसत दाखवतात, जणू मला येत नाही. फ्लेक्सवाल्यानं एकदा विचारलं, ताई, खोपडी बंद कर दी क्या? मी म्हणाले, बंद केली. तो म्हणाला, मला माहीत होतं.

यंदा भादवा लागला तेव्हा बाबांचा फोन आला. एरवी माय करते आणि त्यांच्याकडे देते. या वेळी त्यांनी स्वतः लावला. शेतातून बोलत होते, मागे पंपाची मोटर घरघरत होती.

"त्या नोझलचं कोनाले इचारलं काय तुनं?" ते म्हणाले.

"कोनतं नोझल?"

"तुंबते ते. तोंडानं फुकतो आमी. तोंडानंच काहून फुकतो? सायकलचा पंप हाये घरी, काडी हाये. तरी तोंडच."

मी म्हणाले, तुम्हीच सांगा, काहून?

मोटर बंद झाली. कोणीतरी मागून हाक मारली, चहा आला असावा.

"थांब," ते म्हणाले. "तुया काका फुकते तवा पाहून सांगतो."